अर्धवट तबकडी

आईच्या ओव्या आमच्याकडे एकाच कॅसेटवर होत्या. १९८६ साली मुलताईला, मामांच्या ओसरीवर, जातं ओढता ओढता तिनं त्या म्हटल्या आणि मी टेपचं लाल बटण दाबलं. तापीच्या उगमाकडची ती मराठी. दर चार शब्दांमागे एक हिंदी. पुढे सत्तरीनंतर तिचा गळा बसला. बोले, पण सूर चढेना.

२००२ साली भोपाळला, अवधपुरीतल्या घरी, मुलानं तासाभराची ती कॅसेट संगणकात उतरवली. बरं झालं, कारण दुसऱ्याच दिवशी फीत टेपच्या चाकांत गुंडाळून तिचे तुकडे झाले. आता सीडी करणं भागच होतं. त्यानं चौदा भाग पाडले, नीरो सुरू केलं आणि संगणकाला कोणी हात लावायचा नाही अशी ताकीद दिली. लेझर लिहू लागला की त्याला मागून अखंड माल लागतो. साठा आटला तर जुन्या यंत्रात कोरी तबकडी फुकट जायची.

"म्हणजे जात्यात घास कमी पडू द्यायचा नाही," आई म्हणाली.

पंधरा मिनिटांचं काम. नवव्या भागाला वीज गेली.

त्या वर्षांत मध्य प्रदेशात वीज जाणं नवलाचं नव्हतं. यूपीएस न घेण्याची कंजुषी माझी. वीज आली, पण हार्ड डिस्क काही उठली नाही. उरली ती तबकडी. प्लेयर म्हणे, डिस्कच नाही! उलटी करून पाहिली तर आतून बाहेर लिहीत गेलेला गडद पट्टा स्वच्छ दिसत होता. डोळ्यांना दिसतं ते यंत्राला का दिसू नये?

पिपलानीतल्या मुलाच्या मित्रानं उलगडा केला. एकेक भाग संपला की त्याची कच्ची नोंद तबकडीच्या आतल्या कडेला होते. पक्की अनुक्रमणिका सर्वांत शेवटी. रोजमेळ लिहिलेला, खतावणी राहिलेली! प्लेयर खतावणीच वाचतो. मित्रानं आपल्या संगणकावर अर्धवट नववा भाग तिथंच बंद करून तबकडी पुरी केली. दर वेळी हे साधत नाही. त्या दिवशी साधलं.

संध्याकाळी आम्ही आईसमोर ती लावली. दोन भागांमध्ये दोन सेकंदांची शांतता, तेवढ्यात ती मान हलवी. आठवा भाग संपला. नवव्याची एकच ओळ आली आणि तुटली. पुढची ओळ आईनं सांगितली, सूर न लावता, नुसती बोलून. एका शब्दाला अडली, तिथं हिंदी शब्द घातला आणि पुढे गेली.

बायकोनं तोवर वही आणली होती.