दाराची उंची

वादात जिंकल्याचे स्मरण मनुष्यास फार दिवस राहत नाही. हरल्याचे मात्र जन्मभर पुरते. परंतु याहून विलक्षण असा एक तिसरा प्रकार आहे. ज्या वादात आपण जिंकलो अशी आपली पस्तीस वर्षे समजूत होती, त्यात आपण हरलो होतो हे एके दिवशी अकस्मात ध्यानात येते; आणि ज्यांच्याजवळ ते कबूल करावयाचे, ते तर केव्हाच निघून गेलेले असतात. आमच्या वाट्यास हा प्रकार आला तो घरापासून हजारो मैलांवर, एका ओसाड विमानतळावर.

हकीकत 1983 सालच्या दिवाळीपासून सुरू होते. आमचे वडील बंधू, ज्यांना आम्ही सारी भावंडे दादा म्हणत असू, सरकारी बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. आणि आम्ही नुकतेच प्राध्यापक झालो असल्यामुळे जगातील कोणत्याही विषयावर मत देण्यास सदैव सिद्ध होतो. दिवाळीच्या आठदहा दिवस आधी, 25 ऑक्टोबरला, अमेरिकेच्या सैन्याने कॅरिबियन समुद्रातील ग्रेनेडा नावाच्या एका चिमुकल्या बेटावर स्वारी केली होती. त्या बेटावर क्यूबाच्या मदतीने नऊ हजार फुटांची एक धावपट्टी तयार होत होती, आणि रशियाची लढाऊ विमाने तेथे उतरणार असा अमेरिकेचा आरोप होता. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी दूरचित्रवाणीवर त्या धावपट्टीचे छायाचित्र दाखवून, ज्या देशाजवळ वायुदलच नाही त्याला ही कोणासाठी हवी, असा सवाल केला होता. फराळाच्या ताटांभोवती आम्ही तोच सवाल स्वतःचा म्हणून ठोकून दिला. "एवढ्याशा देशाला एवढी धावपट्टी कशाला?"

दादा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "अरे, घर लहान आहे म्हणून कोणी दार कंबरेएवढे करीत नाही. दाराची उंची घरावरून ठरत नाही. आत येणाऱ्या माणसावरून ठरते."

"दादांनी जन्मभर दारे-खिडक्याच मोजल्या," असे आम्ही म्हणालो, आणि सारे घर हसले. दादाही हसले व पुन्हा चकलीकडे वळले. हा आमचा विजय.

त्यानंतर महिन्याभरातच राष्ट्रकुलातील राष्ट्रप्रमुखांची परिषद दिल्लीस भरली. मध्यंतरी ती मंडळी विश्रांतीसाठी गोव्यास गेली, आणि त्यांच्या चर्चांत ग्रेनेडाचे नाव पुनःपुन्हा निघाले. पुढे वर्तमानपत्रे ते नाव विसरली, आम्हीही विसरलो. ते पुन्हा घरात आले ते दादांच्या नातीमुळे. ती वैद्यकीय शिक्षणासाठी तेथे गेली, आणि "आजोबा, तुम्ही एकदा याच" अशी तिची पत्रावर पत्रे येऊ लागली. दादा तोवर गेलेले होते. त्यांच्या वाट्याचा प्रवास आपण करावा असे मनात येऊन 2019 सालच्या मार्चमध्ये आम्ही निघालो.

ग्रेनेडाचा सारा विस्तार 344 चौरस किलोमीटरांचा; म्हणजे बृहन्मुंबईहूनही पुष्कळ लहान. वस्ती लाख-सव्वालाखाची. मुख्य बेट, उत्तरेस कॅरियाकू, आणि त्याच्याजवळ पेटी मार्टिनीक, अशी तीन बेटे मिळून हा देश झाला आहे. आपल्या श्रीखंडात पडणारे जायफळ या देशाने थेट आपल्या निशाणावर मिरवले आहे, यावरूनच त्याच्या स्वभावाची कल्पना यावी.

आमचे विमान उतरले ते बेटाच्या नैर्ऋत्य टोकावरील त्याच वादग्रस्त धावपट्टीवर. विमानतळ अगदी साधा. ज्या पट्टीने जगातील सर्वांत प्रबळ राष्ट्राची झोप उडवली, तिच्या कडेला एक गृहस्थ नातवंडाला कडेवर घेऊन विमाने दाखवीत उभे होते. आमचा प्रश्न आम्हांस त्याच क्षणी थोडा बेगडी वाटू लागला. परंतु त्याचे उत्तर मिळाले ते नातीने दुसऱ्या टोकाच्या जुन्या विमानतळावर नेले तेव्हा.

त्याचे नाव पर्ल्स. ईशान्य किनाऱ्यावर ग्रेनव्हिल गावाजवळ इंग्रजांनी तो 1943 साली सुरू केला. युरोपीय लोक येण्यापूर्वी मूळ रहिवाशांची मोठी वस्ती तेथे नांदत होती, आणि धावपट्टीसाठी जमीन सपाट करताना तिचे कित्येक अवशेष उखडले गेले. पट्टीची लांबी पाच हजार फुटांहून थोडी अधिक. एका अंगास डोंगर, दुसऱ्या अंगास अटलांटिक महासागर. रात्री उतरण्यासाठी दिवे नाहीत. त्यामुळे मोठे विमान येथे येऊ शकत नसे, आणि लहान विमानानेही सूर्य मावळण्यापूर्वी येणे प्राप्त होते. लंडनहून वा न्यूयॉर्कहून निघालेल्या प्रवाशाने बार्बाडोस किंवा त्रिनिदाद येथे विमान बदलावे, जोडविमान चुकले तर तेथेच रात्र काढावी, आणि अखेर पर्ल्सला उतरल्यावर राजधानी सेंट जॉर्जेसला पोहोचण्यासाठी डोंगरातील नागमोडी रस्त्याने सारे बेट ओलांडावे, असा तो द्राविडी प्राणायाम होता. ज्या देशाने केळी, कोको आणि जायफळ यांच्या जोडीला पाहुण्यांवर पोट भरावयाचे ठरवले, त्याला हे दार खरोखरच कंबरेएवढे होते. वाकून, अंग चोरून, आणि तेही उजेडीच आत यावे लागे.

आता तेथे शेळ्या चरत होत्या. एक तरुण आपल्या बहिणीला मोटार चालवण्यास शिकवीत होता. पट्टीच्या कडेला 1983 पासून पडलेली अँटोनोव्ह बनावटीची दोन विमाने गंजत उभी होती. त्यांतले एक तर शेतावर औषध फवारण्याच्या जातीचे, दोन जोड पंखांचे. आम्ही त्या पंखाच्या सावलीत बसलो, आणि दादांचे ते वाक्य पस्तीस वर्षांनी आमच्या कानांत पडले.

नऊ हजार फूट हे माप ग्रेनेडाने आपल्या अंगावरून घेतलेच नव्हते. समुद्रापलीकडून थेट येणाऱ्या भरल्या विमानाला जेवढी जागा लागते तेवढेच ते माप. विमान लहान देशात उतरताना आखूड होत नाही. नैर्ऋत्य टोकावर विमानतळ करावा ही कल्पनाही क्रांतिकारकांची नव्हे. ती इंग्रजी अमदानीपासून कागदोपत्री चालत आलेली होती. 1974 साली देश स्वतंत्र झाला, 13 मार्च 1979 रोजी मॉरिस बिशप यांच्या पक्षाने सत्ता हस्तगत केली, आणि मग ते काम हाती घेतले गेले. टेकड्या फोडल्या, उपसागराचा एक भाग भरून काढला. क्यूबाने माणसे व यंत्रे दिली हे खरे. पण विमानतळावरील यंत्रसामग्रीचे कंत्राट एका ब्रिटिश कंपनीकडे होते, आणि गाळ उपसण्याच्या कामावर एक अमेरिकन कंपनीही होती.

अर्थात एका पक्षाचे वकीलपत्र सोडून लगेच दुसऱ्याचे घ्यावे हेही बरे नव्हे. बिशप यांच्या सरकारने राज्यघटना गुंडाळून ठेवली, निवडणुका घेतल्या नाहीत, विरोधकांना तुरुंगात घातले आणि रशियाकडून शस्त्रे आणवली. तेव्हा शेजाऱ्याचा संशय अगदीच हवेतून आला असे म्हणवत नाही. पुढे त्यांच्याच सहकाऱ्यांशी त्यांचे बिनसले आणि 19 ऑक्टोबर 1983 रोजी त्यांना सहकाऱ्यांसह गोळ्या घालून ठार केले गेले. त्यांचा देह अद्याप सापडलेला नाही. सहाच दिवसांनी अमेरिकेचे सैनिक अर्धवट धावपट्टीवर हवाई छत्र्यांनी उतरले, आणि पर्ल्सवर हेलिकॉप्टरांतून नौसैनिक आले. त्या चकमकींत अमेरिकेचे 19 आणि ग्रेनेडाचे 45 लोक मेले. क्यूबाचेही सुमारे पंचवीस. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 108 विरुद्ध 9 मतांनी या कृत्याचा निषेध केला. ग्रेनेडातील पुष्कळ लोकांनी मात्र त्याच सैनिकांचे सुटकेच्या भावनेने स्वागत केले, आणि 25 ऑक्टोबर हा दिवस तेथे आभारदिन म्हणून पाळला जातो.

पण खरी मौज पुढेच आहे. जी धावपट्टी जगाच्या शांततेस धोका ठरली होती, ती स्वारीनंतर उखडून टाकावी, निदान अर्धी करावी, असे कोणाच्याही मनात आले नाही. अमेरिकेने आपल्या तिजोरीतून पैसे देऊन ती पुरी केली. आणि 28 ऑक्टोबर 1984 रोजी, स्वारीस एक वर्ष व तीन दिवस लोटल्यावर, तिचे रीतसर उद्घाटन झाले. लांबी तीच. 29 मे 2009 रोजी, म्हणजे बिशप यांच्या जन्मदिवशी, तिला त्यांचे नाव देण्यात आले. आभारदिनही राहिला आणि नावही लागले. लहान राष्ट्रे विसंगती पोटात घालून किती शहाणपणाने नांदतात, हे आम्हां वादपटूंनी त्यांच्यापासून शिकण्यासारखे आहे.

परतण्यापूर्वी नातीने आम्हांस कॅरियाकू बेटही दाखवले. तेथील लॉरिस्टन विमानतळाची पट्टी फार तर अडीच-पावणेतीन हजार फुटांची. पूर्वी गावचा रस्ताच तिच्यावरून आडवा जात असे, आणि विमान येण्याच्या वेळी मोटारी थांबवून धरीत. हलक्या विमानांना ते दार पुरे. पलीकडच्या पेटी मार्टिनीकला तेवढेही नाही. तेथे होडीवाचून गती नाही.

या दारांचे मोल पुढे आणखी एकदा कळले. 1 जुलै 2024 रोजी बेरिल नावाचे चौथ्या श्रेणीचे चक्रीवादळ कॅरियाकूवर कोसळले आणि बहुतेक सारी घरे त्याने मोडून टाकली. नात तोवर शिक्षण पुरे करून दुसरीकडे गेली होती. तिनेच आम्हांस रात्री फोन करून सांगितले. तिच्या ओळखीची माणसे तेथे होती. ती रडत होती. मग दोन दिवसांनी तिचा पुन्हा फोन आला: मोठ्या धावपट्टीवर मदतीची विमाने उतरत आहेत, आणि तेथून सामान होड्यांनी व हलक्या विमानांनी कॅरियाकूस चालले आहे. "आजोबा, तीच धावपट्टी," ती म्हणाली.

एवढ्याशा देशाला एवढी धावपट्टी कशाला, याचे उत्तर आम्हांस दादांच्या नातीकडून मिळाले. ते दादांनीच आधी देऊन ठेवले होते. आम्ही मात्र ते हशात बुडवले. तिने तेथून आणून दिलेले एक जायफळ आमच्या लिहिण्याच्या मेजावर आहे. येत्या दिवाळीत श्रीखंडात ते उगाळावयाचे, आणि सर्व मंडळी जमली म्हणजे तो जुना वाद कोणी जिंकला हे मोठ्याने सांगावयाचे, असे आम्ही ठरवले आहे.