घरची काकवी आणि नातवाचे दात

आज उसावर नाही, घरातलं लिहितोय.

नातू सव्वादोन वर्षांचा. रात्री झोपेना की मीच दुधाच्या बाटलीत चमचाभर काकवी टाकायचो. घरची काकवी, त्यात काय वाईट? बाटली तोंडात धरूनच तो झोपायचा. सूनबाई दोनदा म्हणाली, "आबा, रात्रीचं गोड नको." मी म्हटलं, "आम्ही काय गूळ न खाता वाढलो?"

दिवाळीआधी तिला त्याच्या वरच्या पुढच्या दातांवर, हिरडीलगत, खडूसारखे पांढरे पट्टे दिसले. मी म्हटलं, दूध लागलं असंल. पट्टे पुढं तपकिरी झाले, एक दात तुटला. पोरगं भाकरी चावताना रडायला लागलं.

तालुक्याला दातांच्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं. झोपेत लाळ कमी सुटते, गोड दूध दातावर साचतं, जंतू त्याचं आम्ल करतात आणि आम्ल दात पोखरतं. साखर, गूळ, काकवी, मध, जंतूंना सगळं सारखंच. पांढरा पट्टा होता तेव्हाच आणलं असतं तर दात वाचवता आला असता. तांबेऱ्याचा ठिपका पान उलटं करून शोधणारा मी, नातवाचा ओठ काही उचलून बघितला नाही.

"दुधाचेच दात, पडणारच की," मी म्हणालो. त्या म्हणाल्या, पुढचे दात सहा-सात वर्षांपर्यंत लागतात, दाढा दहा-बारापर्यंत. पक्क्या दातांची जागा तेच धरून ठेवतात. उसात तूट पडली तर आपण रोप लावून नांगी भरतो. तोंडात दुधाची दाढ लवकर गेली तर शेजारची त्या जागेत सरकते.

तुटका दात काढला. दोन दातांना औषध लावलं, डाग काळे पडले पण कीड थांबली.

आता बाटली बंद, दूध पेल्यानं. सकाळी आणि झोपताना डोकं मांडीवर घेऊन मऊ ब्रशनं दात घासतो. फ्लोराईडची पेस्ट, तांदळाच्या दाण्याएवढीच. रात्री घासल्यावर फक्त पाणी. पहिला दात दिसला की घासायला लागायचं आणि पहिल्या वाढदिवसापर्यंत एकदा डॉक्टरांना दाखवायचं, हे मला उशिरा कळलं.

तुमच्या घरात लहान असंल तर आज उजेडात त्याचा ओठ वर करून बघा. हिरडीलगत पांढरं दिसलं तर थांबू नका.

आमचा अजून रात्री "आबा, काकवी" म्हणतो. सूनबाई काही बोलत नाही. मी पाण्याचा पेला पुढं करतो.