पत्ता आणि त्याचा धनी

ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा असलेला कर्नल कोसळताना रजिस्टरांतील मूल्ये आणि फंक्शनांची साखळी कन्सोलवर छापून जातो. लिनक्समध्ये या मजकुराला ‘ऊप्स’ म्हणतात, आणि त्याच्या पहिल्या ओळीवर फार विसंबू नये. चार किंवा आठ बाइटांचे मूल्य त्या आकाराने नि:शेष भाग न जाणाऱ्या पत्त्यावरून वाचणे, म्हणजे अनअलाइन्ड ॲक्सेस, हे ६४-बिटी आर्मवर कोसळण्याचे कारण असले, तरी ती ओळ ‘पेजिंग रिक्वेस्ट’ हाताळता न आल्याचीच तक्रार करते आणि नवखा तपासनीस पेज टेबले धुंडाळत बसतो. खरे उत्तर त्याखालच्या संकेतांकात असते: त्याचे शेवटचे सहा बिट षोडशमान २१ असतील, तर दोष अलाइनमेंटचा.

प्रोग्रॅम काउंटर अशा वेळी पुष्कळदा मेमकॉपीत, म्हणजे बाइट उचलून दुसरीकडे ठेवणाऱ्या सामाईक फंक्शनात, थांबलेला दिसतो. तेथे दोष शोधणे व्यर्थ होय. तेरा बाइट हलवायचे असल्यास आजचे मेमकॉपी पहिले आठ आणि शेवटचे आठ असे दोन घास घेते. मधले तीन बाइट दोनदा वाचले गेल्याने काही बिघडत नाही, परंतु दुसरा घास आरंभापासून पाच बाइट पुढे सुरू होतो. साध्या रॅमवर आर्म हे निमूटपणे चालवून घेतो, मात्र ‘डिव्हाइस’ म्हणून मॅप केलेल्या उपकरणाच्या स्मृतीवर अपवाद उठवतो. तेव्हा जाब विचारायचा तो मेमकॉपीला बोलावणाऱ्या ड्रायव्हरला, कारण अशा स्मृतीसाठी मेमकॉपी_फ्रॉमआयओ हे वेगळे फंक्शन असते. एक्स८६ वर मात्र हा हलगर्जीपणा सहसा खपून जातो.

नेटवर्कमधील प्रकार त्याहून जुना आहे. इथरनेटचे शीर्षक १४ बाइटांचे असल्याने मागून येणारे आयपी शीर्षक चारच्या पटीत पडत नाही, म्हणून ड्रायव्हर बफरच्या आरंभी दोन बाइट रिकामे सोडतो. ते सोडायचे राहिले, तर स्पार्कवर कर्नल वाचन स्वतः दुरुस्त करून लॉगमध्ये फक्त नोंद करतो; पण आर्मच्या पाचव्या आवृत्तीत ट्रॅप बंद असल्यास प्रोसेसर अलाइन्ड शब्दाचेच बाइट फिरवून हाती देतो, ऊप्स उमटतच नाही, आणि तपास चुकलेल्या चेकसमपासून मागे मागे न्यावा लागतो.