शत्रूच्या तंबूतला म्हातारा

लाकडी घोडा ‘इलियड’मध्ये नाही, असे सांगितले की दहावीचा वर्ग हमखास हिरमुसतो. घोड्याची गोष्ट ‘ओडिसी’त थोडक्यात येते आणि पुढे रोमन कवी व्हर्जिलने ‘एनीड’मध्ये ती रंगवून सांगितली. ‘इलियड’मध्ये ट्रॉयचा पाडाव नाही, अकिलीसचा मृत्यूही नाही. हे ग्रीक काव्य संपते ते शत्रूच्या, म्हणजे ट्रॉयच्या हेक्टरच्या अंत्यसंस्काराने.

हा २४वा सर्ग मी एम.ए.ला असताना इंग्रजीतून वाचला. त्यानंतर किती वेळा वाचला, मोजदाद नाही. अकिलीसने हेक्टरला मारून त्याचे प्रेत रथामागे फरफटवले आहे. हेक्टरचा म्हातारा बाप, राजा प्रायम, रात्री थेट त्याच्या तंबूत शिरतो, गुडघे धरतो आणि आपल्या मुलांना मारणाऱ्या हातांचे चुंबन घेतो. दोघेही रडतात, एक मुलासाठी, दुसरा दूर राहिलेल्या बापासाठी आणि मित्र पॅट्रोक्लससाठी. मग अकिलीस स्वतः मेंढी कापतो, दोघे जेवतात. क्रियाकर्माला किती दिवस हवेत, हेही तोच विचारतो. अकरा दिवस, बाराव्या दिवशी पुन्हा लढाई. समेट नाहीच, नुसती सवड.

‘‘सर, मग होमर कुणाच्या बाजूचा?’’ घरी कानडी बोलणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारले होते. मी त्याला शेवटचे तीन विलाप वाचून दाखवले. हेक्टरची बायको, आई आणि तिसरी हेलन. जिच्यापायी युद्ध पेटले ती ग्रीक बाई म्हणते, या माणसाने मला कधी कठोर शब्द ऐकवला नाही.

आणखी एक गंमत आपल्या भागातल्या वाचकाला चटकन जाणवेल. ट्रॉयच्या मित्रसैन्यात नाना भाषा बोलल्या जातात, असे होमर मुद्दाम सांगतो. प्रायम आणि अकिलीस मात्र दुभाष्यावाचून बोलतात. भाषेवरून तट पडलेले दिवस आमच्या गावानेही पाहिले. मयताच्या घरी पिठलं-भात पाठवताना कुणी भाषा विचारली नाही.

ग्रीक मलाही येत नाही. पेत्रार्कला १३५४ च्या सुमारास होमरचे हस्तलिखित भेट मिळाले. वाचता येईना, तरी त्याने ते छातीशी धरले. पुढे बोकाचिओच्या खटपटीने लेऑन्टियस पिलाटसने लॅटिन भाषांतर केले. जाणकारांच्या मते ते ओबडधोबडच आहे. पेत्रार्कने त्याची नक्कल करवून घेतली आणि म्हातारपणी तिच्या समासात टिपणे लिहीत बसला.