खरी नक्कल

नक्कल या शब्दाशी आमचा छत्तीस वर्षांचा संबंध. गोवा, दमण व दीव असा एकत्र संघप्रदेश असताना आम्ही महसूल खात्यात रुजू झालो. १९८७ साली गोव्याला घटक राज्याचा दर्जा मिळाला, त्यानंतरही आमचे टेबल तेच राहिले. जमिनीच्या उताऱ्याची नक्कल, कुळाच्या नोंदीची नक्कल, जुन्या निवाड्याची नक्कल मागणारी माणसे रोज दाराशी उभी असत. आमचा शिक्का इंग्रजीत 'ट्रू कॉपी' असा होता. परंतु पेडण्यातील जुनी घराणी सावंतवाडीहून आणलेले जे कागद पुढे करीत, त्यांतील काहींवर 'खरी नक्कल' हे दोन शब्द असत आणि ते वाचताना आम्हांला उगाच बरे वाटे.

याच शब्दाचा दुसरा अर्थ वाचकांस सांगावयास नको. शाळेत मास्तरांची चाल, त्यांचा खाकरा आणि धोतराचा सोगा सावरण्याची लकब हुबेहूब करून दाखविणारा एक पोरगा प्रत्येक वर्गात असतो. तोही नक्कलच करतो. पहिल्या नकलेला शिक्का मिळतो, दुसरीला छडी. हे दोन अर्थ एकमेकांचे कोणी लागत नाहीत अशी आमची समजूत होती. गेल्या चवथीला ती मोडली.

आमचे मूळ पुरुष तेरेखोलची नदी ओलांडून पेडणे महालात आले, तेव्हा हा मुलूख सावंतवाडीकर भोसल्यांचा होता. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात डिचोली, सत्तरी आणि पेडणे पोर्तुगीजांकडे गेले आणि आम्ही जागचे न हलता दुसऱ्या राज्यात गेलो. हे सारे आमच्या एका चुलत्यांनी कुळवृत्तांतात लिहून ठेवले आहे. भाषा भारदस्त, वंशावळ बिनचूक आणि प्रत्येक पूर्वज पराक्रमी, दानशूर व देवभक्त. थोरले बंधू, म्हणजे आमचे दादा, गेली दोन वर्षे त्याच्या दुसऱ्या आवृत्तीच्या मागे आहेत. चित्रे काढण्याचे काम त्यांनी आपल्या नातीवर सोपविले. मुलीचा हात चांगला आहे.

चवथीच्या दुसऱ्या दिवशी, माटोळीखाली सारी भावकी बसली असता, तिने बारा कागद मांडले. चित्रे पिंगुळीच्या चित्रकथीच्या धर्तीची होती. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर कलाकार सुट्या कागदांवर रामायण-महाभारतातील प्रसंग रंगवितात, त्या कागदांची पोथी करतात आणि एकेक चित्र पुढे धरून गात गात कथा सांगतात. ही कला जिवंत ठेवणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्याही घरी पेढे वाटले गेले होते. तेच टपोरे डोळे, तीच एका बाजूने दिसणारी तोंडे, तेच मुकुट आणि त्याच जाड रेषा. फक्त राम-लक्ष्मणांच्या जागी आमचे पूर्वज. प्रत्येक चित्राखाली कुळवृत्तांतातील वाक्य जसेच्या तसे उतरलेले.

पहिल्या चित्राखाली मजकूर होता, 'मूळ पुरुष केवळ देवभक्तीने प्रेरित होऊन या भूमीत आले.' चित्रात मूळ पुरुष होडीत बसलेले. एका काखेत देव, दुसऱ्या काखेत कागदांचे भेंडोळे आणि मागच्या काठावर हातात वह्या घेऊन ओरडणारे पाच सावकार. पोरे खो खो हसली. सुना पदर तोंडाला लावून आत गेल्या. दादांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला नाही.

"पूर्वजांची टवाळी करायला तुला हे दिले होते का?" एवढेच ते म्हणाले.

मुलगी आमच्याकडे वळली. "धाकटे आजोबा, तुम्हीच बघा. मी मजकुरातला एक शब्दसुद्धा बदललेला नाही."

आम्ही दादांची बाजू घेण्याच्या तयारीत होतो. परंतु ते वाक्य कानावर पडले आणि आमची जीभ जागीच थांबली. हेच वाक्य आम्ही पूर्वी एकदा वाचले होते, आणि तेही आम्हीच मागविलेल्या एका लेखी खुलाशात.

१९९६ च्या सुमाराची गोष्ट. एका तालुक्याच्या कचेरीत आम्ही नवे अधिकारी म्हणून गेलो होतो. उशिरा येण्याची सर्वांना सवय. आम्ही हजेरीसंबंधी एक परिपत्रक काढले. आठ कलमे, प्रत्येक कलमाच्या शेवटी कारवाईची तंबी. तिसऱ्या दिवशी ते सूचनाफलकावर नव्या रूपात झळकले. डिचोलीकडचा एक तरुण कारकून होता. त्याने आठ चौकटी आखून 'अमर चित्रकथे'च्या शैलीत दुर्वास ऋषी रंगविले होते. जटा, कमंडलू, कपाळावरच्या तीन आठ्या. आणि मुखातून निघणाऱ्या फुग्यात आमचे एकेक कलम, अक्षरशः. दुर्वासांच्या नाकावर आमचा चष्मा होता.

अनंत पै यांनी १९६७ साली सुरू केलेली ती चित्रपुस्तके आम्ही लहानपणी वाचनालयात रांग लावून वाचली होती. त्यातील ऋषी शाप देताना कसा उभा राहतो हे आम्हांला पाठ होते. म्हणूनच ते चित्र इतके झोंबले. आमच्या परिपत्रकाचा सूर शापाचा आहे हे आम्हांला चित्र पाहताक्षणी कळले आणि ते सर्वांना कळल्याचेही कळले. आम्ही कागद उतरविला आणि मेमो दिला. खुलासा दोन ओळींचा आला: परिपत्रकातील एकही शब्द बदललेला नाही, तरी भावना दुखावल्या असल्यास क्षमस्व. पुढे वर्षभरात त्याची बदली झाली. त्या वर्षात त्याने कचेरीत पुन्हा पेन्सिल धरलेली कोणी पाहिली नाही. पूर्वी तो निवडणुकीचे तक्ते, जत्रेचे फलक, कोणाच्या निरोप समारंभाचे मानपत्र सारे हौसेने रंगवीत असे. कचेरी वक्तशीर झाली, पण तिच्या भिंती मात्र कोऱ्याच राहिल्या. आमच्या नोकरीत आम्ही शेकडो मेमो दिले असतील. झोपेत आठवतो तो हाच.

विडंबनाचे आपणां मराठी माणसांना वावडे नाही. केशवकुमार या नावाने अत्र्यांनी 'झेंडूची फुले' लिहिली, तेव्हा रविकिरण मंडळाच्या काव्यपद्धतीवर सारा महाराष्ट्र हसला. परंतु ज्याला मूळ कविता ठाऊक त्यालाच ते हसू पुरते लाभले. पु. ल. देशपांड्यांनी मराठी वाङ्मयाचा 'गाळीव' इतिहास लिहिला, त्याचेही तेच. आणि आपल्या पेडण्यात तर विडंबन देवळाच्या मांडावरच उभे राहते. दशावतारात प्रथम गणपती येतो, मग वेद चोरणारा संकासुर. काळ्या वेषातील हा राक्षस गावच्या बोलीत साऱ्यांची फिरकी घेतो. देव समोर गाभाऱ्यात आहे आणि त्याच्या पुढ्यात वेदांच्या चोरीवर हशा पिकतो. त्याने देवाचे काही उणे झाल्याचे आमच्या आजीने कधी म्हटले नाही. उलट संकासुर चांगला रंगला नाही तर ती जत्रेहून कुरकुरत येई.

नातीने आम्हांला तिच्या एका आवडत्या अमेरिकन चित्रकाराची ओळख करून दिली. आर. सिकोरियाक असे त्याचे नाव. जुने अभिजात ग्रंथ तो दुसऱ्यांच्या गाजलेल्या चित्रमालिकांच्या शैलीत मांडतो. त्याच्या २००९ च्या पुस्तकात दस्तयेवस्कीच्या कादंबरीतला खुनी बॅटमॅनच्या वेषात वावरतो आणि काफ्काच्या कथेतला, एका सकाळी किडा होऊन जागा झालेला माणूस चार्ली ब्राऊनसारखा दिसतो. २०१७ साली त्याने याहून अचाट काम केले. आयट्यून्स वापरण्यापूर्वी ज्या अटी आपण न वाचता मान्य करतो, त्या सगळ्या त्याने शब्दही न गाळता चित्रकथेत बसविल्या. दर पानाला वेगळ्या चित्रकाराची शैली. २०२० साली अमेरिकेच्या राज्यघटनेचेही त्याने असेच पुस्तक केले. जन्मभर अटी-शर्ती लिहिण्यात घालविलेल्या आमच्यासारख्याला हे ऐकून हसू आले आणि थोडी लाजही वाटली. आमची परिपत्रके लोकांनी वाचावीत म्हणून आम्ही तंबी वाढवीत गेलो. त्या कारकुनाने ती एका दिवसात सर्वांकडून वाचून घेतली होती.

दादांचे म्हणणे मात्र आम्ही हलके मानीत नाही. रात्री ओसरीवर बसून ते म्हणाले, "मेलेला माणूस उत्तर द्यायला येत नाही. आणि आपल्याकडे उरले आहे काय? घरात मराठी वाचणारी चार माणसे. त्यांनाही आपल्याच घराण्यावर हसायला शिकवायचे?"

आम्ही दोन गोष्टी त्यांच्यापुढे ठेवल्या. पहिली अशी की, त्या दिवशी दुपारी म्हापशाच्या आणि पुण्याच्या सहा पोरांनी कुळवृत्तांत वाचला. चित्रातला विनोद कळावा म्हणून खालची वाक्ये ती अडखळत, जोडाक्षरे सोडवीत, मोठ्याने वाचीत होती. त्यांच्यापैकी एकानेही ते पुस्तक आजवर उघडले नव्हते. दुसरी गोष्ट अवघड होती. सावकारांची चित्रे मुलीने मनाने काढली नव्हती. आमच्या पेटीत सावंतवाडीहून आणलेला एक कागद आहे. त्यात मूळ पुरुषांच्या देण्याची नोंद आहे. चुलत्यांनी तो पाहिला होता, दादांनी पाहिला आहे, आम्हीही पाहिला आहे. कुळवृत्तांतात तो आला नाही. त्या कागदावर 'खरी नक्कल' असे लिहिलेले आहे. मग दोहोंपैकी खरी नक्कल कोणती, चुलत्यांची की पोरीची?

दादा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "कर्ज होते, पण देवही बरोबर आणला होता ना?"

"चित्रात देव आहेच," आम्ही म्हणालो. "पहिल्या काखेत."

मुलीलाही आम्ही एक गोष्ट सांगितली. शैली उसनी घ्यावी, पण ज्याची घेतली त्याचे नाव घ्यावे. आपण हसलो ते आपल्या पूर्वजांना. पिंगुळीच्या ठाकरांचा त्यात काही अपराध नाही. त्यांच्या हाताची ही रेषा आहे, असे पहिल्या पानावर छापावे. २०२५ च्या मार्च महिन्यात जगभर लोकांनी यंत्राकडून आपली छायाचित्रे जपानच्या जिब्ली स्टुडिओच्या चित्रांसारखी करून घेतली. आमच्याही कुटुंबाची झाली. सगळे गोड दिसलो. परंतु त्यांत कोणी काही वाचले नव्हते आणि कोणाला काही म्हणायचे नव्हते. ही मुलगी दोन महिने पिंगुळीला जाऊन डोळे काढायला शिकली होती. मजकूर आणि रेषा या दोन्हींवर जीव असल्यावाचून अशी नक्कल साधत नाही.

दादांनी निवाडा दिला. चित्रे पुरवणीत जातील, देण्याचा कागदही छापला जाईल. पहिले चित्र मात्र शेवटी. मुलीने मान्य केले.

पंचमी उलटल्यावर आम्ही डिचोलीला फोन लावला. तो कारकून आता स्वतः अधिकारी झाला आहे. निवृत्तीला काही वर्षे उरली आहेत. आम्ही जुन्या मेमोबद्दल दिलगिरी व्यक्त केली. मजकूर आधी लिहून काढला होता, तो वाचून दाखविला. पलीकडे काही क्षण शांतता होती.

"साहेब," तो म्हणाला, "तो कागद आहे का हो अजून? माझ्याकडे त्याची नक्कल नाही."

कागद होता. एकोणतीस वर्षे आमच्या खणात होता, फाडवला नव्हता. दुसऱ्या दिवशी पेडण्याच्या बाजारात त्याची झेरॉक्स काढली आणि मूळ चित्र रजिस्टर टपालाने त्याच्याकडे रवाना केले. झेरॉक्स आमच्याकडे राहिली. तिच्या तळाशी, दुर्वासांच्या पायाजवळ, आम्ही सवयीने 'खरी नक्कल' असे लिहिले आणि सही केली.