साबणाचा बुडबुडा

आमचे वातानुकूलन यंत्र अगदीच बंद पडले असते, तर मला काही ठरवावे लागले नसते. बंद पडलेली वस्तू माणसाला निर्णयाच्या त्रासातून सोडवते; कारागिराला बोलावणे एवढेच आपल्या हाती उरते. अशक्त झालेल्या वस्तूचे तसे नाही. ती चालत असते, आवाज करीत असते, विजेचे बिलही नेमाने आणीत असते. फक्त खोली गार होत नाही. मग गृहस्थाच्या मनात हळूच एक विचार डोकावतो : एवढे आपल्याला नाही का जमणार?

माझ्या मनात तो डोकावला मे महिन्याच्या अखेरीस, जयपूरच्या झोटवाड्यात. सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरला की पुढच्या नऊ दिवसांना इकडे ‘नौतपा’ म्हणतात. पारा ४५ अंशांच्या आसपास रेंगाळतो, दुपारभर लू वाहते आणि एखाद्या संध्याकाळी आंधी येऊन घरादारावर बारीक धुळीचा थर चढवून जाते. जयपूरच्या जुन्या शहराला उन्हाशी कसे वागावे हे ठाऊक होते. जाड भिंती, आतले चौक, १७९९ साली उभ्या राहिलेल्या हवामहालाच्या जाळीदार खिडक्या, हे सारे त्या शहाणपणातूनच आलेले. आमच्या वस्तीतील सिमेंटची घरे मात्र दिवसभर ऊन साठवतात आणि मध्यरात्रीपर्यंत ते व्याजासह परत करतात.

एरवी मी सोसले असते. पण त्या दिवसांत अण्णा आमच्याकडे आले होते. वय ब्याऐंशी. उन्हाळ्यात जयपूरला येण्यास ते तयार नव्हते. “घरात एसी आहे, तुम्हांला ऊन लागणारसुद्धा नाही,” असे सांगून मीच त्यांना पुण्याहून आणले होते. एके रात्री दोनच्या सुमारास जाग आली, तर अण्णा ओला पंचा छातीवर घेऊन फरशीवर बसलेले. मला पाहून ते काहीच बोलले नाहीत. त्यांनी तक्रार केली असती तर बरे वाटले असते.

आदल्या वर्षीही यंत्राने असाच दम टाकला होता. तेव्हा एका मिस्त्रीने ‘गॅस’ भरून दिला होता. आता माझे तर्कशास्त्र जागे झाले. हा गॅस काही पेट्रोलासारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. खोलीतील उष्णता उचलतो आणि बाहेरच्या पेटीत नेऊन टाकतो. यंत्र थंडी निर्माण करीत नाही, उष्णतेची हमाली करते. त्याची ताकद ‘टनां’त मोजतात, तो टन एके काळच्या बर्फाचा. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेईल, तेवढी ओढून काढणारे यंत्र एक टनाचे. १८३३ साली बॉस्टनहून बर्फ भरलेले जहाज कलकत्त्याला आले होते. त्या व्यापाराची आठवण या शब्दात अजून गोठून राहिली आहे.

असो. गॅस संपत नसेल, तर तो वर्षभरात कमी कसा झाला? याची दोनच उत्तरे होती. एक तर कुठे तरी गळती असावी, नाही तर मिस्त्रीने मला फसवले असावे. मी दुसरे उत्तर पसंत केले. परक्या मुलखात बदलीवर आलेल्या माणसाला हे उत्तर फार सोयीचे असते. भाषा थोडी अडखळते, भाव माहीत नसतात. मग प्रत्येक व्यवहारात आपण लुबाडले जात आहोत असे वाटू लागते. तेव्हा ठरवले की यंत्र आपणच उघडायचे.

सकाळी सहाला मी पाने-पेचकस घेऊन गच्चीवर निघालो, तर अण्णाही जिना चढू लागले. दापोडीच्या एस. टी. कार्यशाळेत त्यांनी तीस वर्षे काढली होती. हात आता थरथरतात. पण यंत्रासमोर उभे राहिले की पाठ ताठ होते. “आधी मोजलेस का?” त्यांनी विचारले. मोजले नव्हते. खाली येऊन तापमापक लावला. यंत्रात शिरणारी हवा ३३ अंश, बाहेर पडणारी २७. निरोगी यंत्रात हे अंतर निदान दहा-बारा अंशांचे असावे.

मीटरपेटीतील खटका पाडून आम्ही कामाला लागलो. आतली जाळी धुतली. बाहेरच्या पेटीचे ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे धुळीने लिंपले गेले होते. ते मऊ ब्रशाने झाडून पाण्याच्या हलक्या धारेने धुतले. अंतर आठ अंशांवर आले. मला चेव चढला. मी पेटीचे बाजूचे झाकण काढू लागलो, तोच अण्णांनी मनगट धरले. “आत कपॅसिटर आहे. वीज बंद केली तरी त्यात ती राहते. हात लावायचा नाही.” मग त्यांनी साबणाचा फेस मागितला आणि तांब्याच्या नळ्यांच्या जोडांवर तो बोटाने लावला. पंक्चर काढताना सायकलची नळी पाण्यात बुडवून पाहतात, तसाच हा प्रकार. एका जोडावर फेस स्वस्थ राहिला. दुसऱ्यावर एक बुडबुडा हळूहळू फुगला, फुटला, आणि पुन्हा फुगू लागला.

तो बुडबुडा पाहताना मला मागचे वर्ष आठवले. “साहब, जोड़ भी देखना पड़ेगा, आधा दिन लगेगा,” असे तो मिस्त्री म्हणाला होता. मला कचेरीची घाई होती. “फक्त गॅस भरा आणि जा,” असे मीच सांगितले होते. माझी घाई मी वर्षभर त्याच्या नावावर मांडून ठेवली होती!

“आता तू घट्ट करून बघतोस का?” अण्णांनी विचारले. त्या प्रश्नात परवानगी नव्हती, परीक्षा होती. जास्त आवळले तर तांब्याचे तोंड चिरते. शिवाय आमच्या यंत्रातला आर-३२ वायू पेट घेऊ शकणारा. जोड नव्याने बांधायचा, पंपाने नळ्यांतील हवा व ओल काढायची, मग वायू तोलून भरायचा. यासाठी लागणारी अवजारे माझ्याकडे नव्हती, आणि हातही नव्हता. मी पाना खाली ठेवला आणि त्याच मिस्त्रीला फोन केला.

तो आला तेव्हा मी गळतीची जागा दाखवली आणि मागच्या वर्षीची चूक माझी होती हेही सांगितले. तो नुसता हसला. अर्धा दिवस अण्णा त्याच्याजवळ बसून होते. एकाची हिंदी मोडकी, दुसऱ्याला मराठी ठाऊक नाही. तरी दोघांचे बोलणे कुठे अडल्याचे दिसले नाही.

घरातील यंत्र आपण दुरुस्त करावे की नाही, या प्रश्नाचे मला मिळालेले उत्तर एवढेच : धूळ आपली, मोजणे आपले, गळती शोधून पाहणेही आपले, त्यापुढचे काम ज्याचे हात त्यात मुरले आहेत त्याचे. पण पहिला भाग आपण केला नाही, तर दुसऱ्या भागातील माणसावर विश्वास कसा ठेवावा हेही आपल्याला कळत नाही.

त्या रात्री अंतर बारा अंशांचे भरले. अकराच्या सुमारास अण्णांच्या खोलीतून हाक आली : “अरे, जरा कमी कर. पाय गार पडले.”