पासंग

लहानपणी मामाबरोबर रायपूरच्या सदर बाजारात गेलो की सराफाच्या पेढीवर सोनं पारड्यात पडण्याआधी पंखा बंद व्हायचा. मे महिना, पारा 44-45 वर, तरी बंद. काचेच्या पेटीतला काटा स्थिरावेपर्यंत कुणी बोलत नसे. मामा आधी रिकामी पारडी बघायचा, तोल साधायला एखाद्या बाजूला पासंग बांधलाय का ते. तात्यापाऱ्यातल्या घरी परतताना म्हणायचा, "पासंग असला तर असू दे रे, पण तो कुठे बांधलाय ते दिसलं पाहिजे."

पुढे गॅस टर्बाइनच्या कामगिरीचं सिम्युलेशन हेच माझं काम झालं. तेही तोलाचंच काम. काँप्रेसर हवा दाबतो, ज्वलनकक्षात ती तापते, टर्बाइन तिच्यातून शक्ती काढतं आणि त्यातली निम्मी किंवा जास्तच शक्ती काँप्रेसर परत खातो. 1903 साली नॉर्वेच्या एलिंग या अभियंत्याने काँप्रेसरला पुरून 11 अश्वशक्ती उरवली, तेव्हा हे यंत्र खऱ्या अर्थाने चाललं. संगणकात आम्ही आधी दाबाचं गुणोत्तर अंदाजाने धरतो. काँप्रेसरच्या मॅपवरून, म्हणजे त्याच्या कामगिरीच्या आलेखावरून, त्या दाबाला किती हवा येईल, ती किती तापेल, हे काढतो. तेवढा वायू टर्बाइनमधून जायला हवा. नाही गेला, तर अंदाज बदलून पुन्हा पहिल्यापासून. फरक दहा हजारात एक इतका उतरला की तोल लागला.

हा खटाटोप करायचा, कारण प्रत्यक्ष चाचणी फार महाग. आपलं कावेरी हे जेट इंजिन 2010 मध्ये उडवून बघायला रशियात न्यावं लागलं. तिथे ते इल्युशिन-76 विमानाला जोडून उडवलं. जमिनीवरच्या यंत्रांचा प्रश्न वेगळा. त्यांची कागदावरची शक्ती 15 अंश तापमानाला मोजलेली असते. आमच्या रायपूरच्या उन्हात, 45 अंशांना, तेवढ्याच आकारमानात हवा नऊ टक्क्यांहून अधिक कमी भरते. यंत्र तेच, पण वीज कमी. किती कमी, ते मॉडेलने सांगायचं.

एका वीजकेंद्रात माझं मॉडेल प्रत्यक्षापेक्षा थोडी जास्त शक्ती दाखवत होतं. मी मॉडेलमध्ये एक गुणक घालून काँप्रेसरची कार्यक्षमता एका टक्क्याने खाली आणली. आकडे चपखल बसले, अहवाल गेला, काँप्रेसर मळला असेल म्हणून तो धुवायचं ठरलं. धुतला. शक्ती होती तिथेच. तेव्हा मी बारा पट दाबाच्या त्या काँप्रेसरचं बाहेर पडणाऱ्या हवेचं तापमान पुन्हा काढून बसलो. कार्यक्षमता खरोखर टक्काभर घसरली असती, तर हवा चार-पाच अंश जास्त तापून निघाली असती. नोंदींमध्ये ती तशी तापलेली नव्हती. हा पुरावा पहिल्या दिवसापासून माझ्यासमोर होता आणि शक्तीचा आकडा जुळल्याच्या समाधानात मी तो पाहिला नव्हता.

दोष हवेच्या फिल्टरमध्ये होता. फिल्टर धुळीने भरले होते आणि त्यांच्यातली दाबाची घट मोजणाऱ्या गेजची बारीक नळीही धुळीनेच तुंबलेली, म्हणून गेज सगळं ठीक दाखवत होता. काँप्रेसरला हवा कमी दाबाने मिळत होती. नळी फुंकून मोकळी केली, फिल्टर बदलले, शक्ती परत आली. मॉडेलमधला माझा गुणक मी काढून टाकला. तो पासंगच होता, आणि कुठे बांधलाय हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

गुणक वाईट नसतो. कारखान्याचा मॅप आणि जागेवरचं यंत्र यांत फरक राहणारच, तो कुठेतरी मांडावा लागतो. पण एक आकडा जुळला म्हणून तोल लागला, असं मी आता मानत नाही. शक्ती, इंधन, दाब, तापमान ही चारही पारडी सोबत बसली पाहिजेत, आणि तीही यंत्र नीट तापून स्थिरावल्यावर घेतलेल्या नोंदींशी.

या कामात नव्याने येणाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे: मॉडेलमध्ये गुणक घालाल, तेव्हा त्याच्या शेजारी कारण आणि तारीख लिहा, आणि त्याआधी एकदा गेजची नळी उघडून बघा.